डबा धरणारा हात

आयर्विन पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे
एकेकाळी मी काढायचो.
कमरेला दोर, खाली कृष्णा,
उजव्या हातात ब्रश, डाव्यात डबा.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
त्याच्या वरचे आकडे काढताना वाटायचं,
एवढं कशाला, इतकं कुठं येतंय पाणी.

माझ्यात आलं ते पहाटे, दात घासताना.
ब्रश, तोही शेवटी ब्रशच, बेसिनमध्ये पडला
आणि पद्मावतीला हाक मारायला गेलो तर
तोंडातून निघालं, "टर्पेंटाइन".

मिरजेत सतरा दिवस.
उजवी बाजू दुसऱ्याच कुणाची तरी,
चुकून माझ्या खाटेवर ठेवलेली.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
म्हणाले, इथला भाग गेला.
मी बघितलं. करड्यावर काळा डाग,
कडा फिसकटलेल्या.
हाताखालच्या पोरांनी असं काम केलं असतं
तर खरवडून परत करायला लावलं असतं.

घरी मुलाणी मॅडम यायच्या.
रबरी चेंडू दाबा.
वाटाणे उचला, ताटलीतून वाटीत.
ज्या मनगटानं पंचेचाळीस वर्षं
एका श्वासात 'श्री'ची वेलांटी फिरवली
ते वाटाण्यापुढं हरलं.
मी ताटली भिरकावली. डाव्यानं.
कपाटाखालचे वाटाणे गोळा करत मॅडम म्हणाल्या,
"नेम चांगलाय की."

मग एका दुपारी कलगोंडा आला,
हळदीच्या पेठेतला, पापण्यांपर्यंत पिवळा.
"गोदामाला गिलावा केला, सुकुमार,
त्यात पुराची खूण बुजली.
पोरगं म्हणतंय स्टिकर चिकटवू.
स्टिकरवर माझा इस्वास न्हाई.
मारतोस काय रेघ?"
मला नाही म्हणायचं होतं.
'नाही' हा शब्द त्या दिवशी
काही केल्या सापडला नाही.

म्हणून गेलो.
स्टुलावर बसवलं, मागून पद्मावतीनं बंडी धरली.
खडूत भिजवलेली सुतळी कलगोंडानं ताणली, सोडली.
भिंतीवर निळी, सरळ, निर्दय रेघ.
डबा उघडला.
लाल ऑइल पेंटचा वास नाकात शिरला
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा
सपाटून भूक लागली.

बारा फूट रेघेला तीन तास.
डावा हात शाळेत उशिरा घातलेल्या पोरासारखा,
सुतळीच्या वर जाई, खाली येई,
मध्येच थांबून माझ्याकडे बघे.
संपली तेव्हा मान वर करवेना.
पुसायला फडकं मागितलं,
ते "बुधवार" असं ऐकू गेलं.
कलगोंडा लांब जाऊन बघून आला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला,
"पाणी काय सुतळी धरून आलंतं?"

खाली तारीख टाकायची होती.
'ऑगस्ट' मला आजही बोलता येत नाही.
हातानं न विचारता काढला,
'स्ट' थोडा आडवा झाला, एवढंच.

आता घरी खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर काढत बसतो.
पाट्या नव्हेत. माणूस काढतो एक, ढोबळ,
आणि पाणी कुठवर आलं होतं त्याच्या रेघा:
खांद्याला एक, जबड्याला एक,
एक डोळ्याच्या जरा खाली.
रोज वेगळ्या उंचीवर येतात.
पद्मावती पुठ्ठे उन्हाला लावते, पापडांशेजारी,
आणि लोक विचारतात, बरा झालास ना?
मी मान हलवतो. कशी हलवतो
ते त्यांनीच ठरवावं.

डबा आता उजवा धरतो.
आधी रुमालानं बांधावा लागे,
काल गाठ सुटली, कुणाच्या लक्षातही आलं नाही
आणि डबा पडला नाही.
डाव्यानं इतकी वर्षं हे काम केलं,
कधी पगार मागितला नाही.

सही तेवढी राहिलीय.
सगळ्या पाट्यांच्या कोपऱ्यात असायची: सुकुमार, सांगली.
पहिल्याच अक्षराचा उकार
अजून घसरतो,
पार पुठ्ठ्याच्या बाहेर, चटईवर.